हक्काविना कसले संस्कार?

सुरतेच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया, लिंबायत या वस्त्यांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली अनेक मराठी कुटुंबे कापडधंद्याच्या आश्रयाने राहतात. शाळेने आपल्या मुलांवर चांगले संस्कार करावेत, ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. परंतु फळ्यावर सुविचार लिहून आणि चुकल्यास छडी उगारून चारित्र्य घडते, ही आपल्याकडील समजूत आमच्या मते मुळातच चुकीची आहे. भीतीपोटी खरे बोलणारे मूल भीती ओसरताच खोटे बोलू लागते. ज्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले आहे, तेच मूल दुसऱ्याचे ऐकावयास शिकते.

हक्क दिले की मुले शेफारतात, असा आक्षेप शिक्षकांच्या खोलीत हमखास ऐकू येतो. त्याला उत्तर जुनेच आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले, तेव्हाच भय आणि लालूच या दोहोंना त्यांनी शिक्षणातून रजा दिली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये हे कार्य बोर्डीस, म्हणजे गुजरातच्या सीमेलगतच, आरंभिले. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९८९ ची; भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास स्पष्ट मनाई केली आहे.

सुरत महानगरपालिका मराठीसह सात माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालविते, हे निःसंशय भूषणावह आहे. (मुंबईबाहेर अशी उदाहरणे थोडीच.) तरीही घरी अहिराणी बोलणारे मूल पुस्तकी मराठीपुढे गप्प बसते आणि मंद ठरते. त्याच्या बोलीला वर्गात जागा देणे हा उपकार नव्हे. कामासाठी कुटुंबाने वर्षाच्या मध्येच गाव सोडले, तर दाखल्याच्या विलंबाचे कारण सांगून प्रवेश नाकारता येत नाही, असे हाच कायदा सांगतो. दारातूनच परत पाठविलेल्या मुलाला न्यायाचा धडा कोणत्या तोंडाने शिकवावयाचा?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, अशीही तरतूद आहे. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा बाप दुपारच्या बैठकीस येणार कसा? येत्या जूनपासून या बैठका पाळीच्या वेळा पाहून ठेवाव्यात, आणि वर्गाचे नियम पहिल्याच आठवड्यात मुलांना विचारून ठरवावेत.