लोकरीचा बटवा

परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातील हस्तव्यवसायाचा तास बहुधा प्रथम नाहीसा होतो. आणि विणकामाचे नाव निघताच 'ते मुलींचे काम' असे म्हणून मुलगे मोकळे होतात. या दोन्ही गोष्टी आम्हांस सारख्याच अनिष्ट वाटतात. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक विद्यार्थ्याने शाळा सोडण्यापूर्वी निदान एक लोकरीचा बटवा स्वतःच्या हातांनी विणून व आटवून तयार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बटवाच का, असे कोणी विचारील. स्वेटर विणण्यास महिने लागतात, आणि नवशिक्याचे वेडेवाकडे टाके त्यात लपत नाहीत. बटव्याचे तसे नाही. जाड सुयांवर दुपदरी लोकरीने, सैल हाताने तीस टाके घालावे. एक ओळ सुलट व एक उलट अशी हातभर पट्टी विणून ती दुमडावी व दोन्ही बाजू लोकरीनेच शिवाव्या. मग हातास सोसेल इतक्या गरम साबणाच्या पाण्यात ती पिशवी भिजवून, मन लावून चोळत राहावे. लोकरीच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल व घर्षण यांच्या योगाने केस एकमेकांत असे गुंततात की पुन्हा सुटत नाहीत. टाके दिसेनासे होतात, पिशवी आटून लहान, जाड व घट्ट होते. स्वेटरचा जो नाश करतो, तोच लोकरीचा धर्म येथे उपकारक ठरतो. पुढे थंड पाण्यात खळबळून, हाताने आकार देऊन सावलीत वाळविली की नाणी, किल्ल्या वा चष्मा ठेवण्याजोगा बटवा सिद्ध झाला.

मात्र लोकर खरी हवी. बाजारात लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते, व ती कितीही चोळली तरी आटत नाही. वडील माणसाच्या देखत धाग्याचे टोक जाळून पाहावे: खऱ्या लोकरीस जळक्या केसांचा वास येतो, ॲक्रिलिक वितळून त्याची कठीण गोळी होते.

विणकाम बायकी आहे, हा आक्षेप इतिहासास धरून नाही. युरोपातील जुन्या विणकर-संघांत मुख्यतः पुरुषच उमेदवारी करून कसबी होत. फ्रान्समधील लांद प्रांतीचे मेंढपाळ एकोणिसाव्या शतकातही उंच काठ्यांवर उभे राहून कळप राखीत व हाताने विणीत असत.

'बाजारात याहून स्वस्त पिशवी मिळते,' हा दुसरा आक्षेप. मिळते, हे खरे. परंतु माण, खटाव, सांगोला अशा कोरड्या मुलखांत धनगर ज्या दख्खनी मेंढ्या पाळतात, त्यांच्या लोकरीचे काय? ज्या लोकरीच्या घोंगडीने पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यास पावसाथंडीत पांघरले, तिला आज पुरेसा भाव नाही. कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. ती राठ असल्यामुळे अंगास बोचते, म्हणून स्वेटरास ती चालत नाही. बटव्यास ती बोच कोठे आड येते? मऊ लोकरीपेक्षा ती चोळावी अधिक लागेल, इतकेच. आणि लोकर चोळून घट्ट करण्याची कला आपणांस परकीही नाही, कारण बुरणूस आपल्याकडे असाच होत आला आहे.

एका शाळेच्या बटव्यांनी धनगरांचा संसार सुधारेल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या मुलाने ती लोकर स्वतः चोळली आहे, तो मोठेपणी घोंगडीची किंमत करताना हात आखडता घेणार नाही. यास्तव शिक्षकवर्गास आमची नम्र विनंती आहे की, आठवड्याचा हा एक तास परीक्षेच्या दिवसांतही राखावा, आणि त्यात मुलग्यांच्याही हाती सुया द्याव्या.