हजेरी कोणाची, सोय कोणाची?

रोजगार हमीच्या कामांवरील हजेरीसाठी केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये एक मोबाइल अ‍ॅप प्रायोगिक म्हणून आणले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते बहुतेक सर्व कामांवर सक्तीचे केले. खोट्या हजेरीपटांना आळा घालणे हा हेतू. त्याच्याशी वाद नाही. महाराष्ट्रात १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, तेव्हापासून हे दुखणे आपल्या परिचयाचे आहे.

परंतु रचना ठरवण्यापूर्वी मजुरांचा दिवस कसा जातो हे कोणी पाहिले होते काय? दिवसातून दोनदा छायाचित्र, ही अट. ही मजुरी मात्र बहुतेक ठिकाणी मातीच्या मोजमापावर मिळते, तासांवर नव्हे! उन्हाळ्यात बायका पहाटेच खणू लागतात आणि ऊन चढण्याआधी नेमून दिलेले काम उरकतात. घरी चूल, लेकरे, जनावरे खोळंबलेली. त्यांना केवळ दुसऱ्या छायाचित्रासाठी थांबावे लागले, नाहीतर पुन्हा पायपीट करावी लागली. नेटवर्क मिळाले नाही तेथे केलेल्या कामाची हजेरी बुडाली. मुकादमाकडे स्मार्टफोन असणार, हे तर गृहीतच!

२०२३ मध्ये मजूर दिल्लीला जंतरमंतरवर धरणे धरून बसले. चोरीही थांबली नाही : छायाचित्राचेच छायाचित्र चढवले जाते, हे जुलै २०२५ च्या परिपत्रकात खुद्द ग्रामविकास मंत्रालयाला नमूद करावे लागले. अ‍ॅप वापरणारा म्हणून रचनाकारांनी दिल्लीतला अधिकारी डोळ्यांसमोर ठेवला होता. कुदळ मारणारी बाई त्यांच्या लेखी केवळ छायाचित्राचा विषय होती.