विमानांची मागणी विक्रमी, झाशी मात्र हवाई नकाशाबाहेर

झाशी : इंडिगोने जून २०२३ मध्ये एअरबसकडे एकाच वेळी ५०० विमानांची मागणी नोंदवून विक्रम केला. ही सर्व विमाने ए३२० श्रेणीतील, म्हणजे साधारण १८० किंवा त्याहून अधिक आसनांची. झाशीची अडचण नेमकी येथेच आहे.

येथील धावपट्टी लष्करी वापराची असून नियमित प्रवासी सेवा नाही. लहान शहरांसाठी कंपनीकडे ७८ आसनांची एटीआर विमाने आहेत. ती कमी अंतरावर परवडतात. पण गतिमान एक्सप्रेस दिल्लीहून साडेचार तासांत झाशीला पोहोचते. तिच्यापुढे विमानाचे तिकीट कोण काढणार? विमानाची खरी निकड मुंबईसाठी आहे. ते हवाई अंतर सुमारे ९०० किलोमीटर. एटीआरला त्यासाठी दोन तास अपुरे पडतात, तर मोठे जेट रोज भरेल याची खात्री कोणतीही कंपनी देणार नाही.

जवळच्या दतिया विमानतळाचे ३१ मे २०२५ रोजी उद्घाटन झाले खरे. परंतु तेथील सेवा १९ आसनी विमानाने सुरू झाली. मुंबईचे विमान गाठू पाहणारा झाशीकर तूर्त शंभर किलोमीटरवरील ग्वाल्हेरचा रस्ता धरतो.