फोटो आखाती, पाऊस कोकणी

श्रीवर्धन-म्हसळ्यापासून खाली दापोली, रत्नागिरी, राजापूरपर्यंतच्या गावांतून फिरताना नव्या घरांच्या अंगणात अलीकडे एक नवे काम नजरेस पडते. काँक्रीट ओतायचे, ते ओले असतानाच वर रंगीत पूड पसरायची, रबरी साचे दाबून दगडी फरशीची किंवा लाकडी फळीची नक्षी उठवायची आणि वाळल्यावर चकचकीत लेप मारायचा. यास ‘स्टॅम्प काँक्रीट’ म्हणतात. फोटो बहुधा दुबई, दोहा किंवा कुवेतच्या एखाद्या बंगल्याचा असतो. तो फोनवर येतो, घरमालक तो मिस्त्रीपुढे धरतो आणि सांगतो, “मिस्त्री, अगदी असेच पाहिजे.” मिस्त्री मान हलवतो. हातचे काम सोडायला कोण तयार होईल?

या नव्या कामास आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट सिमेंटच्या शोभिवंत कामाला पुन्हा बरे दिवस येत आहेत, याचा आम्हांस आनंदच आहे. मोरबीच्या टाइल्सचे खोके ट्रकमधून उतरले की त्यातला मोठा पैसा गावाबाहेर गेलेला असतो. गावातल्या कारागिराला फक्त ती चिकटवण्याची मजुरी मिळते. घोटलेल्या फरशीत मात्र निम्म्याहून अधिक किंमत हाताच्या कसबाची असते. म्हणूनच हे काम बिघडले, तर नुकसान एका अंगणाचे होत नाही, साऱ्या धंद्याचे होते. आणि ते आज जागोजागी बिघडत आहे. आम्ही पाहिलेल्या एका घरी एप्रिलमध्ये घातलेले काळपट नक्षीचे अंगण जुलैत शेवाळाने इतके निसरडे झाले होते, की घरच्यांनी त्यावर गोणपाट अंथरले होते. दसऱ्याच्या सुमारास लेपाखाली पांढरे डाग उठले. मालकाने मिस्त्रीचे उरलेले पैसे अडवले आणि वर गावभर सांगितले की सिमेंटचे काम म्हणजे फसवणूक.

दोष कोणाचा? आमच्या मते तो फोटोचा आहे. दुबईत वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी पाऊस पडतो. रत्नागिरीत तो तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि बहुतेक सारा चार महिन्यांत कोसळतो. दमट हवा आणि खारा वारा दोन्हीकडे आहे, ऊनही आहे, पण एवढ्या पावसाने जमिनीतून वर येणारी ओल आपल्याकडे मोठी आहे. तिथला चकचकीत लेप वरचे पाणी आत जाऊ देत नाही. आपल्याकडे पाणी खालून येते. ते लेपाखाली अडकले की लेप दुधाळ होतो, मग त्याचे पोपडे निघतात. इथे पृष्ठभागावर चढणारा लेप नकोच. आत मुरणारा, वाफ बाहेर जाऊ देणारा लेप हवा. सायलेन-सिलॉक्सेन जातीचे असे लेप बाजारात मिळतात. लेप लावण्यापूर्वी दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर बंद करून रात्रभर ठेवावे. सकाळी आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट काळसर झाले, तर त्या दिवशी डबा उघडू नये. या चाचणीला पैसा लागत नाही, तरीही ती करणारा मिस्त्री विरळाच.

रंगाचेही तेच. काळ्या-करड्या अंगणावर मे महिन्याच्या दुपारी अनवाणी पाय ठेवून पाहावा. मुंबई आणि गुजरातेत गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक घालण्याची चाल पडली, ती काही केवळ शोभेसाठी नव्हे. पांढरा रंग ऊन परतवतो आणि खालची खोली कमी तापते. अंगणासाठी फिकट रंग, फुटाला पाव इंच उतार आणि ओल्या काँक्रीटवर खराटा फिरवून काढलेल्या रेघा, एवढ्यावर पाय घसरत नाही. रबरी साच्याची हौस असेलच, तर ती पडवीच्या आत पुरवावी.

खरे तर शोभिवंत सिमेंट आपल्या किनाऱ्याला नवे नाही. कोबा घालणारे आणि लाल ऑक्साइड घोटणारे हात कोकणात, गोव्यात आणि खाली केरळपर्यंत होते. ज्यांचे बालपण अशा घरात गेले, त्यांना माजघरातली ती लाल, थंडगार, आरशासारखी जमीन आठवत असेल. मुंबईत 1922 साली स्वदेशीच्या भावनेतून भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी सुरू झाली आणि नक्षीच्या सिमेंट टाइल्सने विलायती टाइल्सशी टक्कर दिली. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती समुद्राच्या तोंडावर उभ्या राहिल्या, त्यांच्या जिन्यांत आणि दालनांत मोझॅक घातले गेले. 2018 साली युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशात घेतले. त्या जिन्यांवरून आजही लोक चढउतार करतात. खाऱ्या वाऱ्यात सिमेंटची शोभा टिकत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावे.

मग आपले काम का टिकत नाही? पहिले कारण वाळू. खाडीची वाळू जवळ मिळते, स्वस्त पडते आणि आपले मिस्त्री एक युक्तिवाद करतात: “फरशीत लोखंड कुठे आहे? मीठ काय खाणार?” युक्तिवाद अर्धाच खरा आहे. मिठाने नुसते काँक्रीट गंजत नाही, हे बरोबर. पण मीठ हवेतली ओल ओढते. अशी फरशी जूनमध्ये घाम सोडते, थंडीत पाणी उडून गेले की वर लोणा उमटतो, लाल ऑक्साइडवर पांढरे नकाशे तयार होतात आणि मालक रंगाला दोष देतो. वरच्या मजल्यावर तर खाली स्लॅबच असते. वरच्या थरातले मीठ ओलीबरोबर झिरपत तिच्या सळईपर्यंत पोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो सिमेंट आतून फोडतो आणि छताचा पापुद्रा खाली येतो. कठड्याच्या सिमेंटी जाळ्या आणि खांब फुटतात, त्यामागेही हेच आहे. त्यांत बोटभर जाडी आणि आत साधी लोखंडी तार! अशा बारीक कामात तारेऐवजी सिमेंटमध्ये टिकणारे खास काचतंतू वापरावेत.

दुसरे पाणी. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि बांधकामाचा हंगामही तोच. आय.एस. 456 या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, विनासळईच्या काँक्रीटसाठी 2000. मचूळ विहीर ही मर्यादा सहज ओलांडू शकते. वाळू-पाण्याची साधी परीक्षा सिल्व्हर नायट्रेटने होते: वाळू स्वच्छ पाण्यात ढवळून ते पाणी गाळावे, थेंबभर नायट्रिक ॲसिड घालून सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब सोडावेत. दाट पांढरा गढूळपणा आला, तर मीठ आहे. नेमका आकडा प्रयोगशाळाच सांगेल, पण धुतलेली वाळू खरोखर धुतली आहे की नाही, एवढे यातून कळते. रसायन जपून हाताळावे, कातडीवर काळे डाग पडतात.

तिसरे कारण सर्वांत मोठे, आणि त्यात दोष आपल्या दराच्या पद्धतीचा आहे. फरशीचे काम चौरस फुटावर ठरते. घोटून झाले, मोजले, पैसे मिळाले, मिस्त्री पुढच्या गावी. पाणी कोण मारणार? मालक. मालक मुंबईत असतो किंवा मस्कतला. घरी म्हातारी आई, ती सकाळी एक बादली शिंपडते आणि दहा वाजेपर्यंत ती उडून जाते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस सतत ओल लागते, कोरड्या गरम हवेत दहा. आज दुकानात मिळणारे बहुतेक सिमेंट राखमिश्रित पी.पी.सी. असते, त्याला चौदा दिवस ओल देण्याची मानकाची शिफारस आहे. राख किंवा स्लॅग मिसळलेले सिमेंट खाऱ्या हवेत मिठाला अधिक चांगला अडथळा करते, म्हणून किनाऱ्यावर तेच घ्यावे. पण ते सावकाश पिकते. चार दिवसांत कोरडे पडले, तर वरचा थर भुसभुशीत राहतो आणि त्याची पूड पायाला लागते.

म्हणून आमची स्पष्ट सूचना अशी, की कारागिरांनी दरातच ‘पाणी चौदा दिवस’ ही वेगळी ओळ लिहावी आणि तिचे वेगळे पैसे घ्यावेत. एक बिगारी, ओले गोणपाट, वर प्लास्टिक. दर थोडा वाढेल, काही गिऱ्हाइके तुटतील, ती तुटू द्यावीत. सिमेंटवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. पोत्यामागे त्यातले जे काही वाचते, ते या ओळीवर खर्च करा, असे मालकाला सांगता येईल. शेवटचा हप्ताही चौदाव्या दिवशीच घ्यावा. मालकालाही त्यात विश्वास वाटतो.

कोणी म्हणेल, आमच्या गवंड्यांना हे कोण शिकवणार? शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. आखातात 1970 च्या दशकात तेलाच्या पैशावर घाईने इमारती उठल्या, तेव्हा तिथेही खारी वाळू, खारे पाणी आणि अपुरे क्युरिंग असेच चालले होते. कित्येक इमारतींच्या सळया थोड्याच वर्षांत गंजल्या, काँक्रीट फुटले. त्यातून तिथले नियम कडक झाले. वाळूची परीक्षा, पाण्याची परीक्षा, ओले गोणपाट, प्लास्टिकचे आच्छादन, उन्हाळ्यात रात्री काँक्रीट ओतणे. ही सारी शिस्त तिथल्या साइटवर पाळणारे फोरमन, गवंडी आणि सुपरवायझर आपल्याच गावांतून गेले होते आणि त्यांतले कितीतरी आता घरी परतले आहेत. आम्ही अशा एका गृहस्थांना विचारले, की तिथे चौदा दिवस पाणी राखणारे तुम्ही इथे चार दिवसांत का सोडता? ते हसले. म्हणाले, “तिथे साहेब तपासायचा. इथे कोण तपासतो?” या उत्तराचा आम्हांस राग आला नाही, वाईट वाटले. फोटो आणला, शिस्त विमानतळावरच राहिली.

जुन्या घोटाईच्या कामाबाबत दोन शब्द. लाल ऑक्साइड पोत्यामागे तीन-साडेतीन किलो पुरतो. पाच किलोच्या, म्हणजे सिमेंटच्या दहा टक्क्यांच्या वर कधी जाऊ नये, थर कमजोर होतो. रंग लोहाच्या ऑक्साइडचाच घ्यावा, स्वस्त पुडीचा रंग उन्हात आणि सिमेंटच्या क्षारात उडतो. पोत्याला साडेबावीस लिटरपेक्षा जास्त पाणी नको. घोटताना वर पाणी शिंपडून गुरमाळा फिरवला की चमक लवकर येते आणि लवकर जाते. चार-चार फुटांवर काचेच्या पट्ट्या घालाव्यात, म्हणजे भेग पडलीच तर ती मिस्त्री ठरवील तिथे पडेल. दुपारच्या वाऱ्यात घोटू नये. पहाटे किंवा दिवस कलल्यावर. आणि मालकिणीला आधीच सांगून ठेवावे, की या फरशीवर संडास धुण्याचे ॲसिड ओतायचे नाही. ते सिमेंट खाते. आम्ही तर म्हणू, हे वाक्य बिलाच्या पाठीवर छापावे.

राहिले व्यापारी बंधू. हार्डवेअरच्या दुकानात चकचकीत लेपाचे डबे पुढे आणि आत मुरणारा लेप मागवल्यावर, असे का? पुढच्या डब्यावर नफा जास्त आहे, हे आम्ही जाणतो. पण बिघडलेल्या अंगणाचा मालक पुढच्या खेपेस सिमेंट घ्यायला नव्हे, टाइल्स पाहायला जातो आणि त्या तो तालुक्याच्या मोठ्या दालनात पाहतो, तुमच्या दुकानात नव्हे. वाळूच्या व्यापाऱ्याने धुतलेल्या वाळूचा ढीग वेगळा ठेवावा, त्याचा दर ब्रासमागे वेगळा लावावा आणि गिऱ्हाइकासमोर परीक्षा करून द्यावी.

आणखी एक सोपी गोष्ट करता येईल. दुकानाबाहेर, उघड्यावर, दोन बाय दोन फुटांचे चार नमुने ओतून ठेवायचे: एक खाडीच्या वाळूचा, एक धुतलेल्या वाळूचा, एक चार दिवस पाणी दिलेला, एक चौदा दिवस. प्रत्येकावर तारीख खिळ्याने कोरायची. एक पोते सिमेंटही लागणार नाही. पावसाळा जाऊ द्यावा आणि नोव्हेंबरात फोटो घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी तिथे उभे करावे.