धनगराची तबकडी

गेल्या दिवाळीत आमचा भाचा इटलीहून वेरूळला आला. पोरगा तिकडे तोरिनोला नोकरीला आहे. इटलीहून येणारे लोक चामड्याची पाकिटे आणतात, अत्तरे आणतात. याने पेटीतून तीन सदऱ्यांत गुंडाळलेली एक जुनी तबकडी काढली, तेव्हा त्याच्या आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात याला, मामा," तो म्हणाला.

वेरूळच्या माणसाला खडकाचे काय कौतुक! तरी मी अनारसा हातात घेऊन बसलो आणि म्हणालो, "लाव त्यातलं एखादं चांगलं गाणं."

"एखादं गाणं नाही, मामा. ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची असते."

हे वाक्य ऐकले आणि अनारसा हातातच राहिला. कारण हेच वाक्य, अगदी याच तोऱ्यात, याच ओसरीवर, मी एकदा बोललो होतो. ते सांगेनच, आधी पाहुणीचा मान.

तबकडीचे नाव 'फेलोना ए सोरोना'. साल १९७३. वाजवणाऱ्या मंडळाचे नाव 'ले ओर्मे', म्हणजे पाऊलखुणा. मंडळी व्हेनिसच्या बाजूची आणि सारी मिळून तीनच. एक गातो आणि बास गिटार वाजवतो, दुसरा ऑर्गन आणि तऱ्हेतऱ्हेच्या पेट्या सांभाळतो, तिसरा ढोल बडवतो. बडवतो म्हणालो खरा, पण त्या बडवण्यात हिशेब आहे. गोष्ट दोन ग्रहांची. फेलोनावर उजेड आणि आनंदीआनंद, सोरोनावर काळोख आणि दुःख. मध्ये दोघांचा सांभाळ करणारा कोणी एक, जो स्वतः मात्र एकटा. काही क्षण दोन्हीकडे उजेड होतो. मग तो सोरोनाकडे सरकतो आणि फेलोना अंधारात बुडतो. एकाच घरात एकच दिवा असला म्हणजे तो माजघरातून स्वयंपाकघरात नेताना होते, तसे. शेवटी तर सगळेच शून्यात जाते. ऐन लक्ष्मीपूजनाला असली तबकडी लावल्याबद्दल बहिणीने लेकाला दोन शब्द सुनावले.

मला भाषेतले ओ की ठो कळले नाही. पण त्या गाणाऱ्याचा, आल्दो ताल्यापिएत्रा याचा, पातळ, किंचित कापरा आवाज त्या ऑर्गनच्या गडगडाटातून वर येतो, तो मनात राहिला. हा गृहस्थ पुढे सतार शिकला, असे भाच्याने सांगितले तेव्हा मला त्याच्याविषयी उगाच आपुलकी वाटली. जेमतेम अर्ध्या तासात सारे आटोपते. मध्ये सुई उचलली असती, तर उजेड एकीकडून दुसरीकडे गेला हे कळलेच नसते. पोराचे म्हणणे खोटे नव्हते.

आता माझ्या वाक्याकडे येतो.

१९७० साली मी बावीस वर्षांचा होतो. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, गुलमंडीवरच्या एका दुकानात मी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी घेतली. पैसे पायताणासाठी दिलेले होते. एच. एम. व्ही.ने ती १९६७ साली मुंबईत मुद्रित केली. करवून घेणारे आपले जी. एन. जोशी. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ज्यांनी गाऊन घरोघर पोचवली, तेच हे. रानातली शीळ गाणाऱ्या माणसाने पुढे धनगराची बासरी मुद्रित करावी, यात मला मोठी मौज वाटत आली आहे. कारण या तबकडीचा विषयच मुळी तो. काश्मीरच्या दरीतला एक धनगर आणि त्याचा एक दिवस. पहाटे अहिर भैरव, त्याला लागून नट भैरव, मग पिलू. तबकडी उलटली की सांजेला भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी.

संतूर शिवकुमार शर्मांचे, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांची, तबल्यावर माणिकराव पोपटकर. शिवकुमार आणि हरिप्रसाद दोघेही तेव्हा तिशीच्या आतले. वाद्येही मैफलीत नवखीच. बासरीला पन्नालाल घोषांनी नुकते कोठे पाटावर बसवलेले. संतूर काश्मीरच्या सूफियाना गाण्यातले. त्यावर मींड निघत नाही म्हणून जाणकारांनी नाके मुरडलेली. गिटार तर परदेशीच. पण ऐका म्हणजे कळेल. संतूर स्वरांचे थेंब टाकते आणि दोन थेंबांत जागा राहते. ती जागा गिटार भरते, कारण मांडीवर आडवी ठेवून तारेवरून सळई सरकवली की त्या वाद्याला मींडच मींड. आणि बासरी दोघांवरून वाऱ्यासारखी जाते. एकाचे उणे दुसऱ्याने झाकावे, असा हा संसार आहे. तिघांपैकी एकही वाद्य काढा, तबकडी लंगडी होईल.

ती घेऊन मी घरी आलो. आमचे वडील, नाना, गावातच शिक्षक. सुटीच्या दिवशी पाहुण्यांना लेणी दाखवीत. गाणे म्हणजे त्यांच्या लेखी ख्याल. रेडिओवर एक राग तासभर चालला की तृप्त होणारे गृहस्थ. त्यांना मी ओसरीवर बसवले. पहिली बाजू अर्धी झाली नसेल, ते म्हणाले, "पाऊण तासात पाच-सहा राग? हा चिवडा झाला. तो देस आहे म्हणतोस, तेवढा लाव."

"तेवढा नाही, नाना. ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची असते."

आणि वर मी कैलासाचा दाखला दिला. सोळा नंबरचे लेणे, डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत आणलेले, अख्खे देऊळ एका दगडाचे. कोरणाऱ्याला पहिल्या घावाआधी सारे दिसलेले असले पाहिजे. त्यातला एक हत्ती कापून घरी नेता येईल का?

नाना हसले. "चौतीसच्या चौतीस लेणी बघणारे मी रोज बघतो," ते म्हणाले. "संध्याकाळी विचारावं, काय पाहिलंत, तर त्यांना तंगड्या दुखल्याचं आठवतं. आणि दहा नंबरात, सुताराच्या झोपडीत, दिवसभर एका खांबाशी बसलेलं माणूसही पाहिलंय मी. त्यानं काय कमी पाहिलं?"

मला उत्तर सुचले नाही. मी तबकडी पाकिटात घातली. पुढची तेरा वर्षे नाना घरात असताना ती वाजली नाही. ते बाहेर गेले की मी माळवदावर जाई, लेण्यांच्या डोंगराकडे पाठ टेकून ऐके. पावसाळ्यानंतर त्या माथ्यावर मेंढरे असतातच. कैलासाच्या कड्याच्या वर एखादा धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा दिसे, आणि काश्मीर काही मला लांब वाटत नसे.

१९८३ साली वेरूळचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले.  त्या दिवाळीत नाना अंथरुणावर होते. नरकचतुर्दशीच्या रात्री त्यांनी हाक मारली. "अरे, ती तुझी धनगराची तबकडी आहे का? त्यातला देस लाव थोडा."

मी काय म्हणावे? आज लिहिताना हात अडतो. मी म्हणालो, "लावतो की. पण पहिल्यापासून ऐकावी लागेल."

बोलण्यात थट्टाही होती, तेरा वर्षांचा राग वसूल करण्याची हौसही होती. नाना थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढं बसवत नाही आता. राहू दे." आणि कूस वळली. मला वाटले, उद्या लावू. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते, तिसऱ्या दिवशी त्यांना शुद्ध नव्हती.

तबकडी मी नंतर शेकडो वेळा ऐकली. माझे मत बदललेले नाही. ती एकसंध आहे, तशीच ऐकावी. भूप मिटून देस उमलतो ती गंमत सुटा देस ऐकणाऱ्याला मिळायची नाही. २०१८ साली काब्रा गेले, २०२२ साली शिवकुमार गेले, तेव्हाही मी ती पहिल्यापासूनच लावली.

हे सारे मी भाच्याला अर्थातच सांगितले नाही. त्याची इटालियन तबकडी संपली, सोरोना-फेलोना दोन्ही विझले, बाहेर पोरांनी भुईनळे लावले. त्याने माझ्या कपाटातून ती जुनी तबकडी शोधून काढली, पुसली, पहिली बाजू वर करून ठेवली.

"उलट ती," मी म्हणालो. "दुसरी बाजू. आणि सुई मधल्या पट्टीवर ठेव. देस लाव."

"मामा, मधूनच?"

"लाव म्हणतो ना."