तुमच्या कागदातलं 'ओकचं झाड' कुठे आहे?



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो, "धंद्यात धाडस लागतं." बऱ्याच जणांना ते आवडलं. आज त्याच वाक्याची दुसरी बाजू. नुसत्या धाडसावर चालणारा माणूस कागदावर कसा हरतो, याचं मला सापडलेलं सगळ्यात ठळक उदाहरण सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतलं आहे. त्याचं नाव डॅनियल बून.

१७७५ मध्ये डोंगर ओलांडून केंटकीत वाट पाडणारा हा माणूस. त्याच्या मागून हजारो कुटुंबं जमिनीच्या आशेनं तिकडे गेली. केंटकी तेव्हा व्हर्जिनिया राज्यात होतं आणि राज्य विकत होतं वॉरंट, म्हणजे 'अमुक एकर घेण्याचा हक्क'. जमीन कुठली, ते घेणाऱ्यानं शोधायचं. मग चार पायऱ्या: वॉरंट, जागेची नोंद, मोजणी आणि शेवटी सरकारी सनद. मधली एक पायरी राहिली की सगळं लटकलं.

आणि हद्द कशी लिहायचे? ओढ्याच्या वळणावरचं ओकचं झाड, तिथून दगडापर्यंत, तिथून दुसऱ्या झाडापर्यंत. झाड पडलं, ओढ्यानं पात्र बदललं की हद्द गेली. एकाच जमिनीवर तिघा-चौघांचे दावे, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले. पैसे सगळ्यांनीच मोजलेले!

गंमत म्हणजे बून स्वतः दुसऱ्यांच्या जमिनी मोजून द्यायचा. पण त्याच्या मोजण्या ढिल्या, नोंदी अर्धवट. दावे हरत गेला, कर्ज झालं आणि १७९९ मध्ये तो मिसुरीला निघून गेला. तिथे स्पॅनिश सरकारनं दिलेली जमीनही पुढे अमेरिकेचं राज्य आल्यावर कागद अपुरे म्हणून नाकारली गेली. शेवटी १८१४ मध्ये काँग्रेसला त्याच्यासाठी खास कायदा करावा लागला. इतकं नाव असलेल्या माणसाची ही अवस्था, मग साध्या शेतकऱ्याचं काय?

त्यातलाच एक थॉमस लिंकन, अब्राहम लिंकनचे वडील. १८१६ मध्ये त्यांनी केंटकी सोडलं. गुलामगिरी हे एक कारण होतंच, पण मुख्य कारण जमिनीच्या मालकीचे घोळ, असं खुद्द अब्राहम लिंकननं लिहून ठेवलंय. ते गेले इंडियानात. का? कारण तिथे सरकार आधी मोजायचं, मग विकायचं.

हा नियम १७८५ च्या कायद्यानं आला. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ चौकोन, प्रत्येक ६४० एकरांचा. सोळावा चौकोन शाळेसाठी राखीव. प्रत्येक चौकोनाला नंबर, त्यामुळे झाड पडलं तरी वांधा नाही. मोजणी ६६ फुटांच्या गंटर साखळीनं. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या मोजणीत बरोबर तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी होती. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा!

पण ही व्यवस्था आदर्श होती असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला कमीत कमी ६४० एकर घ्यावे लागत, एकरी एक डॉलर. साध्या शेतकऱ्याकडे एवढी रोकड कुठली? फायदा बड्या सट्टेबाजांचा झाला. ही मर्यादा १८०० मध्ये ३२०, १८०४ मध्ये १६० आणि १८२० मध्ये ८० एकरांवर आली. थॉमस लिंकननीही १६० एकर हप्त्यांवर घेतले, हप्ते झेपेनात, शेवटी निम्मी जमीन सोडून उरलेल्या ८० एकरांचे कागद पूर्ण केले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: ज्या जमिनीवर हे चौकोन आखले, तिथे शॉनी, डेलावेअर, मायामी हे लोक आधीपासून राहत होते. कागद स्वच्छ असला म्हणजे व्यवहार न्याय्य असतोच असं नाही, हेही लक्षात ठेवा.

आता माझं सांगतो. बीबीए होऊन पहिला गाळा भाड्यानं घेतला. मालक तोंडी म्हणाले, "समोरचा ओटा तुमचाच, बिनधास्त वापरा." करारात फक्त 'एक गाळा'. लांबी-रुंदी नाही, चतुःसीमा नाही. मी ओट्यावर शेड घातली, काउंटर बाहेर आणला. आठ महिन्यांनी शेजारच्यांनी त्यांचा कागद दाखवला. ओटा त्यांचा निघाला! शेड उतरवली, पैसे पाण्यात. चार वर्षं शिकून मी मोजमापाची टेप लावली नव्हती.

"सर, कागद बघत बसलो तर संधी जाते," असं बरेच जण म्हणतात. केंटकीतल्या लोकांनाही तीच घाई होती. चूक विकणाऱ्याची होती, पण घर सोडून जावं लागलं घेणाऱ्याला. म्हणून माझं स्पष्ट मत: टोकन देण्याआधी मोजणी. जागा असो, भागीदारी असो की एजन्सीचा एरिया, हद्द आकड्यात लिहा आणि शेवटची सही-नोंदणी होईपर्यंत व्यवहार झाला असं समजू नका.

आज एक काम करा. तुमचा करार काढा आणि शोधा, त्यात 'ओकचं झाड' कुठे आहे. म्हणजे असं वाक्य, ज्याचा अर्थ उद्या दोघं दोन लावतील. सापडलं तर कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.