जुन्या पीसीत प्रोसेसर बदलायचाय? आधी हिशोब, मग खरेदी



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथे सविस्तर घेतोय. तुमच्यापैकी अनेकांच्या दुकानात, डीटीपी सेंटरवर किंवा घरच्या ऑफिसात आठ-दहा वर्षं जुना डेस्कटॉप आहे. बिलं त्यावरच निघतात, टॅली त्यावरच चालतं. तो हळू झाला की कोणीतरी सांगतं, "आय सेव्हन टाका, रॉकेट होईल." दुसरा म्हणतो, "भंगारात द्या, नवीन घ्या."

माझं मत स्पष्ट आहे. दोघांचंही ऐकू नका. धंद्यातल्या मशीनसाठी प्रोसेसर बदलणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. आणि बदलायचाच तर "सगळ्यात मोठा कोणता बसेल" हा प्रश्न चुकीचा आहे. "माझ्या कामाला पुरेल आणि माझ्या बोर्डाला चालेल असा कोणता" हा बरोबर.

पहिलं काम: दुखणं ओळखा

डॉक्टर तपासल्याशिवाय गोळी देतो का? मग तुम्ही तपासल्याशिवाय पार्ट का घेता? मशीन अडकतं तेव्हाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. तिथे तीन आकडे बघा: सीपीयू, मेमरी, डिस्क.

डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा आहे, एसएसडी टाका. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा. हे दोन्ही ठीक असून सीपीयूच १०० टक्क्यांवर बसून राहत असेल, तरच प्रोसेसरचा विचार करा. बिलिंग, एक्सेल, जीएसटी पोर्टल, व्हॉट्सॲप वेब एवढंच काम असेल, तर बहुतेक वेळा एसएसडी आणि ८ जीबी रॅममध्येच विषय संपतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठ्या फ्लेक्सचं डिझाइन करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे प्रोसेसर खरंच घाम गाळतो.

दुसरं काम: बोर्डाची कुंडली काढा

प्रोसेसर कुठल्याही बोर्डात बसत नाही. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात प्रोसेसर, सॉकेट, मदरबोर्डचं मॉडेल आणि बायोसचं व्हर्जन, सगळं दिसतं. लिहून ठेवा.

आता एक खरं उदाहरण घेऊ. आपल्याकडे एच ६१ चिपसेटचे बोर्ड भरपूर आहेत. सॉकेट एलजीए ११५५. यात इंटेलची दुसरी पिढी (२०११) आणि तिसरी पिढी (२०१२) बसते. चौथ्या पिढीला एलजीए ११५० लागतो, म्हणून ती इथे बसत नाही. समजा, सध्या आय थ्री २१०० आहे. दोन कोअर, ३.१ गिगाहर्ट्झ, ६५ वॅट. पर्याय असे:

- आय फाइव्ह ३४७०: चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ, ७७ वॅट
- आय सेव्हन २६००: चार कोअर, आठ थ्रेड, ९५ वॅट
- आय सेव्हन ३७७०: चार कोअर, आठ थ्रेड, ७७ वॅट

बघा, ३.१ आणि ३.२ मध्ये फरक नावालाच आहे. खरा फरक कोअरचा. ऑफिसकामाला आय फाइव्ह ३४७० पुरेसा. डिझाइन किंवा एडिटिंग असेल तर ३७७०. तो २६०० पेक्षा नवा आहे आणि कमी तापतो.

पण इथे एक मेख आहे. दुसऱ्या पिढीच्या काळातल्या बोर्डाला तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून बायोस अपडेट लागू शकतं. ते जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच करायचं. नवा बसवल्यावर स्क्रीनच आली नाही, तर अपडेट करणार कसं? आणि यूपीएसशिवाय हे काम करू नका. मध्येच लाइट गेली तर बोर्डच बंद पडू शकतो.

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट असते. त्यात नाव असेल तरच घ्या. ब्रँडेड पीसी असेल तर ही यादी जास्तच काळजीने तपासा. नुसता सॉकेटचा नंबर जुळला म्हणजे झालं असं नाही. एलजीए ११५१ चंच बघा: सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींचा सॉकेट त्याच नावाचा, पण सातव्या पिढीपर्यंतच्या बोर्डात आठवी चालत नाही.

एएमडीवाल्यांची परिस्थिती जरा बरी. एएम ४ सॉकेटवर पहिल्या रायझेनपासून ५००० सिरीजपर्यंतची मोठी रांग आहे, अर्थात बायोस आणि यादी तपासूनच. फक्त लक्षात ठेवा, रायझेन ५ ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर ५६०० जी बघा.

तिसरं काम: पैशाचा हिशोब

समजा, मशीनमुळे रोज २० मिनिटं वाया जातात. महिन्याला २५ दिवस धरले तर ५०० मिनिटं, म्हणजे आठ तासांहून जास्त. एक अख्खा कामाचा दिवस! त्यामुळे "चालतंय ना, चालू दे" हाही तोट्याचाच सौदा.

पण दुसरी बाजूही बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे एच ६१ बोर्डात कितीही भारी आय सेव्हन टाका, अधिकृत विंडोज ११ मिळणार नाही. ज्या मशीनवर बँकेचं लॉगिन आणि ग्राहकांचा डेटा आहे, तिथे हा मुद्दा गंभीर आहे.

म्हणून माझा नियम सोपा आहे. एसएसडी, रॅम, प्रोसेसर, पेस्ट, मजुरी मिळून खर्च चांगल्या रिफर्बिश्ड पीसीच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल, तर थांबा. एसएसडी नव्या मशीनमध्येही नेता येते, तो पैसा वाया जात नाही. जुन्या सॉकेटचा प्रोसेसर मात्र त्याच बोर्डासोबत म्हातारा होतो.

इतके जुने प्रोसेसर आता बहुतेक वापरलेलेच मिळतात. लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर गावातल्या दुकानातून, दोन गोष्टी मागा: तुमच्याच बोर्डावर चालवून दाखवणं आणि लेखी बदलून देण्याची मुदत. जीएसटी नोंदणी असेल तर पक्कं बिल घ्या, कच्च्या चिठ्ठीवर क्रेडिट मिळत नाही. बसवताना पंखा काढून जुनी पेस्ट पुसायची, नवी लावायची. आणि इंटेलच्या या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात, त्यांना बोट लावू नका.

कमी भांडवलात धंदा उभा करताना प्रत्येक हजार रुपयाला काम दिलं पाहिजे. मशीन हे भांडवल आहे, हौस नाही. आज पार्ट विकत घेऊ नका. आज फक्त टास्क मॅनेजर उघडा, तीन आकडे आणि बोर्डाचं मॉडेल वहीत लिहा. ती वही घेऊन दुकानात जा. मग बघा, दुकानदार तुमच्याशी कसा वेगळ्या भाषेत बोलतो ते!